सेकंडहँड टेस्ट बॉक्स घेतला, पण कानाची प्रत्येक मशीन खराबच दाखवून राहिला. सेटिंग कुठं चुकतंय?

दारव्हा_कान:

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला माझं कान तपासणीचं छोटं सेंटर आहे, दोन वर्ष झाली सुरू करून. बीएएसएलपी म्हणजे कान आणि वाचेची पदवी झालीय, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे, ऑडिओमेट्री करणं, मोल्ड म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याचं माप घेणं, मशीन बसवणं हे रोजचंच. पण मशीन तपासायची पेटी म्हणजे टेस्ट बॉक्स माझ्याकडे नव्हता. आतापर्यंत स्टेथोक्लिप लावून आपल्याच कानानं ऐकायचं, सेल बदलून पाहायचा आणि अंदाजानं सांगायचं असं चालू होतं. गेल्या महिन्यात नागपूरला एक सेंटर बंद होत होतं तिथून जुना बॉक्स स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन आलो. एक माईकवाला आहे. सोबत चेंबर म्हणजे मशीन ठेवायचा झाकणाचा डबा, एचए-१ आणि एचए-२ असे दोन कपलर (कानाऐवजी मशीन जोडायची छोटी पोकळी), १३ नंबर आणि ६७५ नंबरच्या बॅटरी पिल, आणि कागदावर ग्राफ काढणारा प्रिंटर. मॅन्युअल नाही. कॉलेजात असताना एकदा सरांनी चालवून दाखवला होता तेवढीच ओळख.

आता अडचण सांगतो. लेव्हल करायचं बटन दाबलं की कधी होते कधी होत नाही, सकाळी झालं तर दुपारी होत नाही असं. दुसरं म्हणजे कोणतीही मशीन लावा, ५०० हर्ट्झच्या खाली ग्राफ पार बसलेला येतो, कंपनीच्या कागदावर जो ग्राफ असतो त्याच्यापेक्षा ८-१० डीबी खाली. तिसरं, डिस्टॉर्शन म्हणजे आवाजाची मोडतोड प्रत्येकाची १५-२० टक्के. आणि एक चांगल्यातली नवी डिजिटल मशीन लावली तर ग्राफ मधातच खाली पडतो, परत वर येतो, दोनदा काढला तर दोन वेगळे ग्राफ.

हे सगळं मी आधी बॉक्सचा दोष समजलो नाही, हीच चूक झाली. मागच्या आठवड्यात एक आजोबा आले होते, सत्तरीच्या पुढचे, आठ-दहा किलोमीटरवरच्या गावातून एसटीनं. शिबिरात मिळालेली कानामागची ट्रिमरवाली मशीन, म्हणजे छोट्या स्क्रूनं आवाज लावायची. म्हणे "बाबू, आवाज कमी येते." मी मोठ्या हौसेनं बॉक्समध्ये लावली, डिस्टॉर्शन १८ टक्के आलं, आणि मी त्यांना सरळ सांगून टाकलं की मशीन गेली, आता नवीन पाहावी लागेल. ते काही बोलले नाहीत, मशीन रुमालात बांधली अन् गेले. संध्याकाळी सहज म्हणून शेल्फवरची नवीकोरी मशीन डबी फोडून लावली तर तिचं १७ टक्के. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. ज्या माणसाकडे नवीन मशीनला पैसे नाहीत त्याला मी चालू मशीन बंद म्हणून सांगितली की काय?

कोणी रोज बॉक्स वापरत असेल तर पहिल्यापासून सांगा, काय कुठं ठेवायचं, कोणत्या क्रमानं करायचं. मला अगदी बारीक सांगितलं तरी चालेल.


पवनारकाठ:

भाऊ, मी वर्ध्याकडे ऑडिओलॉजिस्ट आहे, सोळा वर्ष झाली. तुम्ही लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण पुष्कळ जण ग्राफ आला की तोच खरा मानून मोकळे होतात. तुमचा बॉक्स बिघडलेला असेलच असं मला वाटत नाही. तुमच्या चारही तक्रारींना चार वेगवेगळी कारणं असू शकतात, म्हणून एकेक घेते.

आधी जागा. चेंबर कुठं ठेवलाय? टेबलावरच कूलर असेल किंवा कूलर त्या भिंतीला लागून असेल तर लेव्हल दुपारी न होण्याचं कारण तेच. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही हे मान्य, पण कूलरची घरघर खालच्या फ्रिक्वेन्सीची असते आणि ती झाकणाच्या फोममधून आत शिरते, टेबलातून तर सरळच शिरते. बॉक्स लेव्हल करताना काय करतो, की स्पीकरमधून सूर सोडून माईकवर किती पोचला ते मोजतो आणि सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा यावा म्हणून दुरुस्ती लक्षात ठेवतो. मधात दुसराच आवाज आला तर त्याचा हिशेबच जुळत नाही. तर कूलर-पंखा दहा मिनिटं बंद, चेंबरखाली जाड फोम किंवा चार घड्या केलेली सतरंजी, झाकण पूर्ण दाबून बंद. आणि गरमीचंही एक आहे, तपासणीच्या स्टँडर्डमध्ये खोली २३ अंश, मागेपुढे ५ एवढी धरलेली आहे. आपल्या मे महिन्याच्या दुपारी ते शक्य नाही, म्हणून मी सकाळी साडेसात-आठलाच बॉक्सचं काम उरकते.

लेव्हल करताना माईक नुसता ठेवायचा, कपलरशिवाय, मशीनशिवाय. चेंबरच्या फोमवर मधोमध एक गोल किंवा फुलीची खूण असते, माईकचं तोंड बरोबर त्या खुणेवर. हे झालं की मग माईक कपलरमध्ये बसवायचा, कपलरला मशीन जोडायची, आणि आता *मशीनच्या माईकचं भोक* त्याच खुणेवर आलं पाहिजे. कपलर कुठं का जाईना बाजूला. तुम्ही लेव्हल करताना कपलर आणि मशीन आतच ठेवत होते का ते सांगा. आणि एकदा केलेलं लेव्हल महिनाभर चालेल असं समजू नका, रोज सकाळी एकदा करायचंच.

आता खालच्या फ्रिक्वेन्सीचा बसलेला ग्राफ. हा जवळजवळ नेहमी लीकेज असतो. खालचे सूर फटीतून आधी पळून जातात. कानामागच्या मशीनला एचए-२ कपलर, त्याला जी नळी असते ती २५ मिलिमीटर लांब आणि आतून १.९३ मिलिमीटर, म्हणजे आपण मोल्डला लावतो ती १३ नंबरची ट्यूब. जुन्या बॉक्ससोबत आलेली नळी कडक पिवळी झालेली असेल, हुकाला घट्ट बसत नसेल. माईक कपलरच्या आत पूर्ण शेवटपर्यंत गेलाय का, तिथली रबरी रिंग आहे का तेही पाहा. कानाच्या आतली मशीन किंवा वायरवाली आरआयसी (जिचा स्पीकर कानात जातो ती) असेल तर एचए-१ कपलर आणि निळी पुट्टी, चहूबाजूनं दाबून, पण आवाजाच्या भोकावर पुट्टीचा कणही जाऊ देऊ नका. व्हेंट म्हणजे हवेचं भोक असेल तर तेही पुट्टीनं बंद.

डिस्टॉर्शनचं मला नक्की वाटतं काय झालं ते. व्हॉल्यूम फुल ठेवूनच डिस्टॉर्शन काढलं का तुम्ही?


दारव्हा_कान:

ताई, हो. सगळंच हो. कूलर टेबलाच्या बाजूलाच आहे, लेव्हल करताना कपलर-मशीन आत ठेवूनच करत होतो, आणि व्हॉल्यूम फुल. मला वाटलं मशीन किती ताकदीची ते पाहायचं तर फुलवरच पाहायचं असते. नळी मी स्वतः कापून लावली होती, मोल्डच्या उरलेल्या ट्यूबची, आता मोजली तर चार सेंटिमीटर भरली.


पवनारकाठ:

मग झालं, सापडलं. चार सेंटिमीटरच्या नळीनं ग्राफवरचे उंचवटेही जागचे हलतात, म्हणून तुमचा कंपनीच्या कागदाशी मेळ बसत नव्हता.

फुल व्हॉल्यूमवर काढायच्या गोष्टी दोनच. एक ओएसपीएल ९०, म्हणजे ९० डीबीचा आवाज आत सोडून मशीन जास्तीत जास्त किती ओरडू शकते ते. दुसरं फुल-ऑन गेन, म्हणजे फुलवर मशीन आवाज किती डीबीनं वाढवते ते, ५० डीबी आत सोडून. या दोन्हीत १०००, १६०० आणि २५०० हर्ट्झवरच्या आकड्यांची सरासरी काढतात, कंपनीच्या कागदावर एचएफए लिहिलेलं असते ती हीच.

त्याच्यानंतर व्हॉल्यूम खाली आणायचा. किती, तर ६० डीबी आत सोडा, आणि त्या तीन फ्रिक्वेन्सीचा सरासरी गेन ओएसपीएल ९० च्या सरासरीतून ७७ वजा केल्यावर जे येते तेवढा होईपर्यंत. समजा ओएसपीएल ९० ची सरासरी १२४ आली, तर १२४ वजा ७७ म्हणजे ४७. व्हॉल्यूम फिरवत फिरवत ४७ वर आणून सोडायचा. ७७ हा आकडा उगाच नाही, साधं बोलणं ६५ डीबी धरलं आणि बोलण्यातले उंच झटके त्याच्या १२ वर, म्हणजे ७७. तेवढे झटके मशीनच्या छताला टेकता कामा नये असा विचार त्यात आहे. याला रेफरन्स टेस्ट सेटिंग म्हणतात, आणि डिस्टॉर्शन, आतली खरखर, सेल किती खाते, फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, हे सगळं *या* सेटिंगवर.

डिस्टॉर्शन ५०० आणि ८०० हर्ट्झला ७० डीबी सोडून, १६०० ला ६५ डीबी सोडून. आता तुम्हीच पाहा, फुल व्हॉल्यूमवर समजा ५६ चा गेन आहे आणि तुम्ही ७० आत सोडले, म्हणजे १२६ निघायला पाहिजे, पण मशीनचं छतच १२१ आहे. सूर छताला आपटून चपटा होणार आणि बॉक्स प्रामाणिकपणे १८ टक्के लिहिणार. मशीनचा काहीच दोष नाही त्यात. आणखी एक, ज्या मशीनचा ग्राफ ५०० पासून १००० पर्यंत १२ डीबी किंवा त्याहून जास्त चढतो तिचं ५०० चं डिस्टॉर्शन धरायचंच नाही असं अन्सी एस ३.२२ या अमेरिकन स्टँडर्डमध्ये लिहिलेलं आहे. कारण दुसरा हार्मोनिक म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर मशीनच वाढवून दाखवते. हे माहीत नसलं की चांगली मशीन नापास होते.

डिजिटल मशीनचा ग्राफ पडतो ते वेगळं प्रकरण. बॉक्स एकच सूर लांबवत नेतो आणि ती मशीन त्याला शिट्टी समजते किंवा पंख्याचा आवाज समजते, आणि दाबून टाकते. ती तिचं काम करून राहिली आहे. म्हणून फिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जाऊन नॉइज रिडक्शन, फीडबॅक मॅनेजर बंद, माईक ऑम्नी म्हणजे चहूबाजूनं ऐकणारा, मग ग्राफ. काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये टेस्ट मोड म्हणूनच दिलेला असतो. पण पेशंटचं सेटिंग आधी सेव्ह करायचं, हे विसरू नका. नव्या बॉक्समध्ये बोलण्यासारखा सिग्नल असतो, आयएसटीएस, तो ६ भाषांमधल्या बायकांच्या बोलण्याचे तुकडे जोडून केलाय. अमेरिकन इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश. आपल्या देशातली एकही त्यात नाही, पण मशीनला ते बोलणं वाटते आणि ती दाबत नाही, एवढं काम होते. जुन्या बॉक्सवर तो नसेल तर बंद करून काढणं हाच मार्ग.


बडनेरा_रिपेर:

रामराम. मी काई शिकेल-बिकेल ऑडिओलॉजिस्ट नाई, मशीन रिपेर करतो, वीसएक वर्ष झाले. ताईनं सांगतलं ते सोळा आने खरं हाये. मी फक्त पेटीच्या आंगानं सांगतो.

भाऊ तुमच्या प्लगले अर्थिंग हाये का ते आंधी पाहा. आपल्या इकडच्या जुन्या बिल्डिंगीत तीन पिनचं सॉकेट दिसते पन मांगं वायर दोनच राह्यतात. अर्थिंग नसलं की ५० हर्ट्झचा हम घुसते अन् खरखरीचा आकडा वाढून येते, मंग तुम्ही म्हन्ता मशीन खरखर करते. अर्थिंगचा खड्डा असन तर उन्हाळ्यात त्यात पानी टाकत जा, मीठ-कोळसा सुकून जाते अन् अर्थिंग नावालेच राह्यते. दुसरं लोडशेडिंगचं. साधा इन्व्हर्टर चौकोनी वेव्ह देते, त्याच्यावर पेटी चालली तरी आकडे इश्वासाचे नाई. साईन वेव्हवाला यूपीएस घ्या, लहानसा भेटला तरी चालते.

बॅटरी पिलचं सांगतो. ती सेलच्या जागी बसते अन् पेटी तिच्यातून करंट मोजते. १३ च्या मशीनीत १३ चीच, ६७५ मध्ये ६७५ चीच, धकवून घालू नका, पत्ती वाकते. मशीनीच्या पत्तीवर घामाचा हिरवा गंज राह्यते, वावरात काम करनाऱ्या मानसाच्या मशीनीत तर हमखास, ते आंधी ब्रशनं साफ करा, नाई तं करंट भलताच दाखवते. करंट बराबर आला की मानसाले त्याच्या भाषेत सांगता येते. १३ नंबरचा सेल साधारन ३०० एमएएचचा धरा. मशीन १.५ एमए खात असन तं २०० घंटे, दिवसाचे दहा घंटे लावली तं वीस दिवस. कोनी म्हनलं का सेल आठ दिसातच जाते, तं करंट पाहाचा. ३-३.५ दाखवला तं मशीनीत लोच्या हाये. १.५ च दाखवला तं तो मानूस रात्री सेलचं दार उघडून ठेवत नसन, नाई तं कोनी जुनाट सेल विकला असन. झिंक-एअरचा सेल हाये तो, स्टिकर काढल्यावर दोन-चार मिन्टं हवा पिऊ द्या मंग दार लावा, ते बी लोकं करत नाईत.

पिल नसली अन् सेलवरच टेस्ट करत असान तं सेल मीटरवर पाहूनच घाला. कमजोर सेलनं डिस्टॉर्शन वाढते, ताईनं सांगतलं त्याच्या शिवाय हे बी एक कारन.

अन् सगळ्यात मोठी गोठ. एक मशीन पेटीची म्हनून बाजूले काढून ठेवा. साधी ट्रिमरवाली, ट्रिमरवर नेलपॉलिशचा ठिपका द्या म्हन्जे हालन नाई. पेटी चांगली हाये ह्याची खात्री झाली का त्या दिवशी तिचा ग्राफ काढून भिताडावर लावा. मंग रोज सकाऊन आंधी तिचाच ग्राफ. कालच्यावानी आला, एक-दोन डीबी इकडंतिकडं, तं पेटी बराबर. नाई आला तं त्या दिवशी कोनाच्याच मशीनीले नाव ठेवू नका. ग्राफचा कागद तापावर छापते, आपल्या उन्हात दोन महिन्यात कोरा होते, म्हनून मोबाईलात फोटो काढत जा.

पेटीची कॅलिब्रेशन पन करून घ्या, जुनी हाये. माईकवर कॅलिब्रेटर लावतात, १००० हर्ट्झ ९४ डीबी देते तो. पेटीनं ९४ दाखवलं पायजे. ज्याच्याजवळ असन त्याच्याकडं एक चक्कर मारा.

एक इचारतो, रागावू नका. त्या बुढ्याच्या मशीनीचे ट्रिमर टेस्टच्या आंधी कुठी होते ते लिहून ठेवलं होतं का? अन् मंग परत केले का तसेच?


दारव्हा_कान:

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. लिहून नव्हतं ठेवलं. ओएसपीएल साठी दोन्ही ट्रिमर पूर्ण वर नेले होते आणि 'मशीन गेली' याच नादात तशीच परत दिली. व्हॉल्यूमही फुलवर असेल. म्हणजे ती मशीन त्यांनी कानात घातली तर बसवली त्यापेक्षा कितीतरी जास्त आवाज जाऊन राहिला असेल. फोन नंबर रजिस्टरमध्ये नातवाचा आहे, तो पुण्याला असतो, उचलत नाही. गाव माहीत आहे. उद्या गुरुवार, सकाळच्या गाडीनं जातो.


पवनारकाठ:

जा, आणि जाताना ऑडिओग्रामची म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या ग्राफची कॉपी, छोटा स्क्रू ड्रायव्हर, दोन १३ नंबरचे सेल, स्टेथोक्लिप, ट्यूब आणि मोल्ड साफ करायचा पंप सोबत घ्या. ऑडिओग्राम पाहून एमपीओचा म्हणजे जास्तीत जास्त आवाजाचा ट्रिमर आधी खाली आणा, मग गेन. कानात थेट घालू नका, आधी स्टेथोक्लिपवर ऐका. आणि त्यांना मशीन काढून, मोठ्यानं जवळ बसून सांगा की चूक तपासणीत होती. म्हाताऱ्या माणसांना आपण सांगितलं ते ब्रह्मवाक्य वाटते, त्यांनी ती मशीन टाकून दिली असेल तर आपल्यामुळे.


वाशीमच्या_बाई:

मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवते, बॉक्स चालवत नाही, पण आमच्याकडे दर सत्राला सगळ्या मुलांच्या मशीन बॉक्समधून काढल्या जातात म्हणून दोन गोष्टी लिहिते.

एक म्हणजे कपलर २ सीसीचा असतो आणि आमच्या चार वर्षांच्या पोराचा कान केवढा असतो! मोल्ड घातल्यावर आत उरलेली जागा त्याहून कितीतरी कमी, आणि जागा कमी म्हणजे आवाजाचा दाब जास्त. मोठ्या माणसाच्या कानातही कपलरपेक्षा जास्तच भरतो, लहान मुलात तर आणखी. बॉक्सवर १२० दिसले म्हणून मुलाच्या कानात १२० च जातात असं नाही, त्याच्यावर जातात. आमच्याकडे येणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट ताई त्यासाठी प्रत्येक मुलाचा फरक मोजतात, आरईसीडी म्हणतात त्याला, आणि मोल्ड नवा झाला की परत मोजतात कारण मुलं वाढतात. तुमच्याकडे पालक मुलाला घेऊन आले तर बॉक्सचा आकडा तसाच्या तसा वापरू नका, कळकळीनं सांगते. एका मुलाला मशीन घातली की तो रडायचा, सगळे म्हणायचे हट्टी आहे. आवाज जास्त जात होता त्याला, हट्ट नव्हता.

दुसरं, बॉक्स सहा महिन्यांनी, पण आम्ही रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी सहा आवाज घेतो. तोंडासमोर कागद धरून, ओठ दिसू न देता, आ, ई, ऊ, श, स, म. मूल ऐकलेलं परत म्हणते किंवा मणी टाकते. काल 'स' ऐकणारं मूल आज 'स'ला गप्प बसलं की आम्ही मशीन काढून पाहतो, आणि दहातल्या आठ वेळा ट्यूबमध्ये पाणी असते नाही तर सेल उतरलेला असतो. पावसाळ्यात तर रात्री सगळ्या मशीन सिलिका जेलच्या डबीत, सेल बाहेर काढून. त्या आजोबांच्या घरी कोणी असेल तर त्यांना हे सहा आवाज शिकवून या, सुनेला, नातीला, कोणालाही. पाच मिनिटांचं काम आहे.


दारव्हा_कान:

गुरुवारी जाऊन आलो, काल दिवसभर बॉक्सवर बसलो, आता सगळं एकत्र लिहितो.

आजोबांनी मशीन घातलीच नव्हती. मी खराब म्हटलं म्हणून रुमालातच होती, देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर. आधी तर जीव भांड्यात पडला, मग वाईट वाटलं की दहा दिवस हा माणूस माझ्या सांगण्यावरून काहीच न ऐकता बसलाय. ताईंनी सांगितलं तसं जवळ बसून सांगितलं, ट्रिमर ऑडिओग्राम पाहून खाली आणले. ते म्हणाले, "मंग आता चालन म्हन्तं का?" मी म्हटलं आधी तपासतो, आणि त्यांना विचारून मशीन एक दिवसासाठी सोबत घेतली, या वेळी ट्रिमर कुठं आहेत त्याचा फोटो काढून.

शुक्रवारी सकाळी सात वाजता, कूलर बंद, बाजूची पीठगिरणी सुरू व्हायच्या आत. चेंबरखाली दोन घड्यांचं ब्लँकेट. नुसता माईक खुणेवर ठेवून लेव्हल केलं, पहिल्याच वेळी झालं. नवी ट्यूब, २५ मिलिमीटर पट्टीवर मोजून. माईक कपलरमध्ये आणखी दोन मिलिमीटर आत जात होता, मी अर्धवटच लावत होतो इतके दिवस. आधी शेल्फवरची नवी मशीन लावली, तर ५०० च्या खालचा ग्राफ वर आला, कंपनीच्या कागदाशी दोन-तीन डीबीच्या फरकानं जुळतो. मग आजोबांची. ओएसपीएल ९० ची सरासरी १२१, म्हणून व्हॉल्यूम कमी करत गेन ४४ वर आणला. डिस्टॉर्शन ५०० ला ३ टक्के, ८०० ला २, १६०० ला १. करंट १.४. मशीन एकदम चांगली आहे!

मग "आवाज कमी येते" काहून? याच्यावर मी अर्धा तास डोकं लावलं, आणि उत्तर बॉक्समध्ये नव्हतंच. एचए-२ कपलरला मशीन हुकापासून लागते, मोल्ड तर बाहेरच राहतो. मोल्ड घेऊन पाहिला, भोकात मळ भरलेला, ट्यूब लाकडासारखी कडक, आणि मोल्ड त्यांच्या कानात ढिला. गावात बसलो असताना त्यांनी मोल्ड घातला होता तेव्हा बोटानं दाबला की शिट्टी बंद, बोट काढलं की सुरू. आजोबा शिट्टी वाजू नये म्हणून स्वतःच व्हॉल्यूम एकवर आणून ठेवत होते. मग आवाज कमी येणारच ना. माप घेऊन ठेवलं होतं, नवा मोल्ड टाकलाय बनवायला, तोपर्यंत जुनाच साफ करून नवी ट्यूब लावून परत नेऊन दिला. पैसे घेतले नाहीत, घेणं योग्यच नव्हतं. त्यांच्या नातीला, सातवीत आहे, सहा आवाज शिकवले. ती ओट्यावर उभी राहून तोंडासमोर वही धरून "श" म्हणाली आणि आजोबांनी "श" म्हटलं, "स"ला मात्र "काय?" म्हणाले. ते त्यांच्या ऑडिओग्रामप्रमाणेच आहे, वरच्या फ्रिक्वेन्सीत नुकसान जास्त आहे त्यांचं. नवा मोल्ड आला की गेन थोडा वाढवता येईल, मग पाहू.

वाशीमच्या बाई, लहान मुलं महिन्यातून दोन-तीनच येतात माझ्याकडे, पण आरईसीडी मोजायची सोय नाही तोवर त्यांच्या फिटिंगसाठी मोठ्या सेंटरलाच पाठवेन, हे ठरवलं.

आता दोन प्रश्न उरले. माझ्या बॉक्ससोबत पुट्टी नाही, एचए-१ साठी काय वापरू, बाजारातली कणकेसारखी मुलांची क्ले चालते का? आणि मागच्या पंधरा दिवसांत मी अजून अकरा मशीनचे ग्राफ काढले होते, त्यातल्या चार जणांना खराब म्हणून सांगितलंय. प्रिंट फाईलमध्ये आहेत. त्या चौघांना बोलवायचं तर सांगू काय?


बडनेरा_रिपेर:

क्ले नका घेऊ, गरमीत पाघळते अन् मशीनीच्या भोकात जाऊन बसते, मंग ती काढासाठी माह्याकडंच पाठवा लागन. स्टेशनरीच्या दुकानात भिताडावर पोस्टर चिकटवाची निळी पुट्टी भेटते, तीच. हातानं मळून गार होऊ द्या मंग लावा. महिन्यानं टाकून नवी घ्या, धूळ बसली की चिकटत नाई अन् लीक होते.

भिताडावरच्या ग्राफचं विसरू नका. पेटी आता बराबर हाये तं आजच काढा.


पवनारकाठ:

चौघांना सरळ फोन करा आणि म्हणा की तपासणीची पेटी नीट लावलेली नव्हती, परत फुकट तपासतो, येताना मोल्ड आणि जुना सेल पण घेऊन या. त्यांनी तुमच्या सांगण्यावरून नवीन मशीनचे पैसे कुठं भरले असतील तर ते आधी विचारा आणि त्यालाच पहिला फोन करा. ट्रिमर चौघांचेही वर राहिले असतील, म्हणून येईपर्यंत मशीन घालू नका हेही त्याच फोनवर सांगा. फोन आजच व्हायला पाहिजे.


दारव्हा_कान:

तिघांना लागला फोन. एक जण उद्या येतो, दोघं सोमवारी. चौथी बाई दिग्रसकडची आहे, फोन बंद येतो, तिच्या गावच्या आशाताईचा नंबर मिळवलाय, त्यांच्याकडे निरोप दिला की मशीन घालू नका म्हणून. नवीन मशीनचे पैसे कोणीच भरले नव्हते अजून.

भिंतीवर ग्राफ लावला. नेलपॉलिश बायकोची घेतली, लाल आहे.